उद्याची चिंता आणि आजची भाकर

२०२० च्या मार्च महिन्यात जगभरची बंदरे एकामागून एक बंद झाली, तेव्हा सासष्टीच्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांतली माणसे समुद्रावर अडकली होती. प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरांत, भोजनगृहांत, यंत्रखोल्यांत राबणारे हजारो गोमंतकीय तारवटी जहाजावर होते आणि जहाजांना धक्क्याला लागण्याची परवानगी मिळत नव्हती. घरी आई, पत्नी, मुले वाट पाहत होती. फोन लागला तर दिवस बरा जाई. नाही लागला तर रात्र सरत नसे. संध्याकाळी तेर्साची वेळ झाली की वेदीपुढे मेणबत्ती लागे, जपमाळ हाती येई आणि प्रार्थना ओठांवर असतानाच मन मात्र दूरच्या कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर जाई.

अशा वेळी शेजारपाजारचे, नातलग, कधी कधी धर्मगुरूही एक वाक्य बोलतात. देवावर विश्वास आहे ना, मग काळजी कशाला? बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याच्या मनावर मात्र दुहेरी ओझे पडते. आधीच माणसाची काळजी, त्यात आता आपली श्रद्धा कच्ची आहे ही नवी काळजी. ख्रिस्ती धर्मग्रंथ खरोखर असे म्हणतात काय, चिंता वाटणे आणि देवावर भरवसा नसणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न म्हणूनच नुसता पंडितांचा नाही.

या विषयावर सर्वाधिक सांगितला जाणारा उतारा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू आपल्या श्रोत्यांना खाण्यापिण्याची, वस्त्राची आणि उद्याची चिंता करू नका असे सांगतो. आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे बोट दाखवतो. हा उतारा लग्नात, मर्तिकात, रुग्णाच्या उशाशी इतक्या वेळा वाचला जातो की त्यातील खडबडीतपणा घासून गुळगुळीत झाला आहे. मुळात तो कोणाला उद्देशून बोलला गेला हे विसरता कामा नये. गालीलमधील ते श्रोते प्रामुख्याने कोळी, कुळे, रोजंदारीवरचे मजूर होते. त्याच शुभवर्तमानातील एका दृष्टांतात चावडीवर काम मिळण्याची वाट पाहत उभे असलेले मजूर आहेत; काहींना दिवस मावळायला एक तास उरला तरी कोणी कामाला बोलावलेले नसते. संध्याकाळी मजुरी हाती आली नाही तर घरी चूल पेटणार नाही, अशा माणसांना हा उपदेश केलेला आहे. भरल्या कोठारांच्या धन्यांनी उपाशी माणसाला ऐकवण्यासाठी तो नव्हता. पुढे तसा वापर पुष्कळ झाला, ही गोष्ट निराळी.

मूळ ग्रीक ग्रंथात चिंतेसाठी ‘मेरिम्ना’ हा शब्द आहे आणि जुन्या भाष्यकारांनी त्याचे नाते ‘वाटे होणे’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले आहे. मन एका जागी न राहता त्याच्या चिरफळ्या होतात, ती चिंता. लूकच्या शुभवर्तमानातील मार्थेच्या प्रसंगात हेच क्रियापद येते. घरी पाहुणा आला आहे, स्वयंपाक व्हायचा आहे, बहीण हातभार लावत नाही, आणि मार्थेचे मन दहा ठिकाणी धावते आहे. कोणत्याही गृहिणीला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचेच अंतर आहे असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीत जाळण्याची प्रतिमा आहे, ग्रीक शब्दात तुकडे होण्याची. दोन्ही अनुभव खरे आहेत.

आता त्या फुलांविषयी. उताऱ्यातील एक बारीक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ज्या रानगवताला देवाने राजापेक्षा सुंदर पेहराव दिला आहे, तेच गवत उद्या भट्टीत जाणार आहे असे येशू त्याच दमात सांगतो. त्या प्रदेशात लाकूडफाटा दुर्मीळ, म्हणून भाकरी भाजायला वाळले गवत जाळीत. दहाव्या अध्यायातील चिमण्यांचेही असेच. बाजारात दमडीला दोन मिळणाऱ्या त्या चिमण्यांपैकी एकही देवाला नकळत जमिनीवर पडत नाही, असे तेथे म्हटले आहे. चिमणी पडतच नाही, असे म्हटलेले नाही. म्हणजे भरवसा ठेवला की वाईट काही घडणारच नाही, असा विमा या शुभवर्तमानात कोठेही उतरवून दिलेला नाही. पडणारी चिमणी देवाच्या नजरेबाहेर नाही, एवढेच आश्वासन आहे. ज्याला विमा हवा असेल त्याला हे अपुरे वाटेल. पण ज्याचे माणूस गेले आहे, ज्याचा आजार हटला नाही, त्याच्यापुढे उभे राहून बोलता येईल असे आश्वासन हेच आहे. दुसरे पहिल्याच अंत्ययात्रेत खोटे ठरते.

पौलाचे उदाहरण याहून उघड आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, कशाचीही चिंता न करता आभारप्रदर्शनासह आपले मागणे देवाला कळवावे, असा उपदेश तो करतो. हे पत्र त्याने कैदेतून लिहिले. उपदेश प्रसिद्ध झाला. त्याच पत्रातील दोन अध्याय आधीचा मजकूर मागे राहिला. तेथे पौल आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून कसा परतला ते सांगतो, तो गेला असता तर दुःखावर दुःख कोसळले असते अशी कबुली देतो, आणि त्याला घरी धाडल्यावर आपला जीव थोडा हलका होईल असे लिहितो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो आपल्यावर रोज येणाऱ्या भाराचा उल्लेख करताना सर्व मंडळ्यांविषयीची ‘मेरिम्ना’ हाच शब्द योजतो. चिंता करू नका म्हणणारा माणूस स्वतः रोज चिंता वाहत होता. याला ढोंग म्हणावे की काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. माणसांवर प्रेम करणाऱ्याला त्यांची काळजी वाटणारच. ती काळजी एकट्याने उराशी धरून बसायची की दुसऱ्या कोणाच्या पुढ्यात ठेवायची, एवढाच पौलाचा मुद्दा आहे.

पुढ्यात ठेवायची म्हणजे काय करायचे, हे शिकवणारे पुस्तक बायबलच्या मध्यभागी आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांत तक्रार आहे, राग आहे, किती काळ वाट पाहू असा रोकडा सवाल आहे. देव झोपला आहे काय, तोंड का लपवतो आहे, असे विचारण्याची मुभा भक्ताने घेतली आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. ८८ वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते वगळले नाही आणि शतकानुशतके मठांतून ते इतर स्तोत्रांबरोबर म्हटले जात आहे. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण आणि जनाबाईने त्याला केलेला सलगीचा त्रागा ज्याच्या कानांवरून गेला आहे, त्याला देवाशी भांडणारा माणूस देवापासून दुरावलेला नसतो, हे निराळे सांगायला नको. भांडण असते तिथे नाते असते. भरवसा नाहीसा होतो तेव्हा माणूस भांडत नाही, गप्प होतो.

गेथशेमानेच्या बागेत स्वतः येशूने हेच केले. अटकेच्या आदल्या घटकेला त्याला धास्तीने घेरले. मित्रांनी जवळ जागे राहावे अशी त्याने विनंती केली. ते झोपी गेले. हा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने एकदा केली, दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदाही जवळपास त्याच शब्दांत केली. प्याला टळला नाही. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला देवपुत्र मानतात त्याला एकच मागणे तीनदा करावे लागले, तर सामान्य श्रद्धावंताने पहिल्याच प्रार्थनेनंतर शांत झोप लागावी अशी अपेक्षा का बाळगावी? रात्री दोन वाजता उठून तीच जपमाळ पुन्हा हाती घेणारी आई कमी विश्वासाची ठरत नाही.

भरवसा शिकावा लागतो, ही कल्पना १३१ व्या स्तोत्रात एका घरगुती प्रतिमेतून आली आहे. अवघ्या तीन चरणांचे हे स्तोत्र. त्यात भक्त आपल्या जिवाला आईजवळच्या मुलाची उपमा देतो. पण ते तान्हे मूल नाही, अंगावरचे दूध तुटलेले मूल आहे. हा फरक फार अर्थपूर्ण आहे. दूध तोडण्याचे दिवस कसे असतात हे घराघरांत ठाऊक आहे. मूल आकांत करते, रात्री जागवते, आईवर चिडते. तिने हवे ते देण्याचे थांबवले, म्हणजे तिचे प्रेम आटले असेच त्याला वाटते. काही दिवसांनी तेच मूल आपणहून येऊन मांडीवर बसते. आता ते दुधासाठी येत नाही, आईसाठी येते. स्तोत्रकाराने ज्याला शांत झालेला जीव म्हटले आहे तो या रडण्यापलीकडचा आहे, अलीकडचा नाही.

या भूमीतच त्याचे एक चालते-बोलते उदाहरण होऊन गेले. संत जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला, घराणे सांकवाळचे. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. डचांनी १६५८ मध्ये जाफना जिंकून पोर्तुगिजांना श्रीलंकेतून बाहेर काढले होते आणि कॅथलिक धर्माचरणावर बंदी घातली होती. तेथील कॅथलिक समाज वर्षानुवर्षे धर्मगुरूविना राहिला. त्यांच्या हाल-अपेष्टा ऐकून वाझ यांनी जाण्याचा निश्चय केला. जुने गोवे येथील ऑरेटरी या धर्मगुरूंच्या संघाचे ते प्रमुख होते. ते पद सोडून, अंगावरचा झगा उतरवून, मजुराच्या वेषात, एका सेवकाला सोबत घेऊन ते निघाले आणि १६८७ मध्ये जाफन्याला पोहोचले. पोहोचताच आमांशाने अंथरूण धरले, आणि अंथरूण म्हणायला छप्पर कुठे होते! आजारातून उठल्यावर ते भिकाऱ्याच्या वेषात दारोदार हिंडू लागले. गळ्यात जपमाळ असे. ती पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते का, एवढेच ते पाहत. भिक्षा मागण्याच्या निमित्ताने चाललेला हा शोध होता. सापडले असते तर स्वतःवरच नव्हे, आसरा देणाऱ्यांवरही गदा आली असती.

१६९२ मध्ये ते सिंहली राजाच्या ताब्यातील कँडीला गेले. तेथे डच नव्हते, म्हणून सुरक्षित वाटावे. प्रत्यक्षात पोर्तुगिजांचे हेर असल्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले. कैदेत काय केले? सिंहली भाषा शिकले. पहारा हळूहळू सैल झाला तसे आवारातच गवताडाचे छोटे प्रार्थनास्थळ उभे केले. सुटका कधी होईल हे हाती नव्हते, व्याकरण हाती होते. गोव्याहून मदतनीस पोहोचेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, त्या अख्ख्या बेटावर ते एकटेच धर्मगुरू होते. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि शहरातील पुष्कळ लोक निघून गेले, आजाऱ्यांना सोडून देण्यात आले. वाझ आणि त्यांचे भाचे जुझे कार्व्हाल्यो शहरात थांबले; आजाऱ्यांना खाऊपिऊ घातले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. त्यांत धर्माचा भेद केला नाही. या सेवेनंतर राजाचा संशय फिटला आणि त्यांना राज्यात मोकळीक मिळाली.

वाझ यांना भीती वाटत नसे, असे चरित्रांत सूचित केले जाते. संतांच्या बाबतीत चरित्रकारांना हा मोह आवरत नाही. वेष पालटून वावरणारा, रात्री गुपचूप प्रार्थना चालवणारा माणूस धोका नीट ओळखून होता, हे मात्र उघड आहे. त्यांनी सावधगिरी सोडली नाही. देवावर हवाला टाकून ते डचांच्या चौकीसमोर झगा घालून उभे राहिले नाहीत. भरवसा आणि बेफिकिरी यांतील भेद कळण्यास एवढे पुरेसे आहे. कागदपत्रांची काळजी घेणे, औषध वेळेवर घेणे, मुलाच्या फीची तजवीज करणे, हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. पाखरे पेरीत नाहीत हे खरे. ती घरट्यात चोच उघडून बसतात असेही कोणी पाहिलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काळजी आणि चिंतेचा विकार यांत फरक आहे. छातीत धडधड, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, कामात लक्ष न राहणे, विनाकारण धास्तीचे झटके येणे, जगणेच नकोसे होणे, ही लक्षणे असतील तर प्रार्थनेबरोबर वैद्यकीय उपचार हवेत, आणि ते घेण्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या बोधग्रंथात, ३८ व्या अध्यायात, आजारी माणसाने देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, औषधेही देवानेच भूमीतून निर्माण केली आहेत, असे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे. तरीही मनाच्या आजाराला अजून पापाचे किंवा अविश्वासाचे नाव दिले जाते आणि दवाखान्यात न्यायच्या माणसाला केवळ प्रार्थनासभांतून फिरवले जाते. हे थांबायला हवे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक इगर्जीच्या सूचनाफलकावर लावला तर काही बिघडणार नाही.

उरते ती रोजची काळजी, जिच्यावर गोळी नाही. तिच्यासाठी ख्रिस्ती परंपरेने जे उपाय सांगितले ते आश्चर्य वाटावे इतके लहान आहेत. निर्गमाच्या पुस्तकात वाळवंटातून चाललेल्या इस्राएली लोकांना रोज सकाळी मान्ना मिळतो. उद्यासाठी साठवून ठेवला की त्यात किडे पडतात. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची. मन मात्र पुढच्या दहा वर्षांचे गणित एकाच रात्रीत सोडवू पाहते. इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या साधनाग्रंथात घालून दिलेला एक नियम त्या दृष्टीने फार व्यवहारी आहे. मन उदास, अस्वस्थ, अंधारलेले असेल त्या काळात आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. प्रार्थना सुरू ठेवावी, जरा वाढवावीच, पण नोकरी सोडणे, नाते तोडणे, घर विकणे असल्या गोष्टी त्या रात्री ठरवू नयेत. त्यांनीच रूढ केलेली दुसरी सवय म्हणजे रात्री झोपण्यापूर्वी सरलेल्या दिवसाकडे मागे वळून पाहणे; काय मिळाले त्याबद्दल आभार, कुठे चुकले त्याबद्दल क्षमा. भीती नेहमी पुढे पाहते, ही सवय तिला दहा-पंधरा मिनिटे मागे पाहायला लावते.

आणि ही सारी साधना एकट्याने करायची नसते. गेथशेमानेत मित्र झोपले, हे दुःख येशूलाही लागले. गोव्याच्या गावांतून अजून लदिन होते, शेजारी जमतात, खुरसापुढे उभे राहून एकसुरात प्रार्थना म्हटली जाते, मग चणे वाटले जातात आणि गप्पा होतात. जहाजावर अडकलेल्या मुलाची आई त्या घोळक्यात काही बोलली नाही तरी तिच्या वाटची प्रार्थना इतर कोणीतरी म्हणत असते. स्वतःची जीभ जड झालेली असते तेव्हा दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळणे हीसुद्धा प्रार्थनाच.

जुझे वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत निवर्तले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ज्या मातीत त्यांना पुरले ती नेमकी जागा आज कोणालाच दाखवता येत नाही. दर जानेवारीत सांकवाळला त्यांच्या फेस्ताआधी नोव्हेना सुरू होतात. नऊ दिवस लोक येत राहतात, कोणाच्या पिशवीत दवाखान्याची फाईल असते, कोणाच्या खिशात जहाज कंपनीचे पत्र, आणि प्रार्थना संपल्यावर ती फाईल व ते पत्र पुन्हा सोबत घेऊनच ते घराकडे वळतात.